प्रिंट बघून पिक्चरला नावं ठेवणाऱ्यांशी थोडं भांडण

'तुंबाड' हा हिंदी हॉरर पिक्चर 12 ऑक्टोबर 2018 ला लागला तेव्हा गर्दी बेताचीच होती, आणि 13 सप्टेंबर 2024 ला तोच पिक्चर परत थेटरात लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सहा वर्षं जुना, ओटीटीवर पडून असलेला, सगळ्यांना शेवट माहीत असलेला पिक्चर. याची कारणं लोकांनी भरपूर सांगितली, तेव्हा मार्केटिंग नव्हतं, स्टार नव्हता, आता री-रिलीजची फॅशन आलीय, मधे नॅशनल सिनेमा डेला 99 रुपयांत तिकीट मिळालं, वगैरे. सगळी खरीच असतील. पण एका कारणाबद्दल कोणी फारसं बोलत नाही ते म्हणजे 2018 मध्ये ज्या लोकांनी "काय दम नाय" असं सर्टिफिकेट दिलं होतं त्यातल्या किती जणांनी पिक्चर बघितला होता आणि किती जणांनी नुसती थेटर प्रिंट, म्हणजे थेटरात मोबाईलवर चोरून रेकॉर्ड केलेली कॉपी.

मला आठवतंय त्या वेळी आमच्या ओळखीतल्या लोकांची मतं काय होती. "सगळा अंधार आहे रे, काही दिसतच नाही." "पाऊस पाऊस आणि पाऊस, डोकं उठलं." "आवाज नीट नाही." "स्लो आहे." आणि हमखास येणारं, "भूत कुठंय?" आता यातलं शेवटचं मत मी मत म्हणून मान्य करतो, कारण ट्रेलर बघून भुताचा पिक्चर समजून गेलेल्या माणसाला लोभाची गोष्ट मिळाली तर त्याची चिडचिड होणारच, थेटरात पैसे देऊन बसलेल्यांनाही ती झाली होती. पण बाकीची नीट वाचून बघा. अंधार, आवाज, दिसत नाही. ही पिक्चरवरची टीका नाहीये, ही एका मोबाईलवरची टीका आहे जो कोणीतरी मागच्या रांगेत जॅकेटच्या खिशातून अर्धा बाहेर काढून धरला होता. आणि तरी ती त्या पिक्चरच्या खात्यावर जमा झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की थेटर प्रिंट बघणाऱ्याला पिक्चरची गोष्ट कळते, पिक्चर कळत नाही, आणि जो पिक्चर जरा वेगळ्या वाटेने जाणारा, विचित्र, चक्रम म्हणता येईल असा असतो त्याच्यात गोष्ट हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग असतो. म्हणून चोरट्या प्रिंटचा खरा फटका मोठ्या स्टारच्या पिक्चरला बसत नाही, असल्या आडवळणाच्या पिक्चरना बसतो, आणि तो पैशाच्या आधी मतांमधून बसतो.

आता ही प्रिंट बनते कशी ते बघू, कारण बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की फक्त थोडी धूसर असते, बाकी सगळं तेच. तसं नसतं. माणूस मधल्या सीटवर सरळ समोर बसत नाही, कोपऱ्यात बसतो, त्यामुळे पडदा तिरका येतो, एक बाजू उंच एक बाजू बुटकी. मग ते सरळ करायला कडा कापतात. कडा कापल्या की दिग्दर्शकाने कोपऱ्यात जे ठेवलं होतं ते गेलं. मोबाईलचा कॅमेरा स्वतःच्या डोक्याने उजेड कमीजास्त करत असतो, पडद्यावर काळोख झाला की त्याला वाटतं अरे काहीतरी चुकलं, तो उजेड वाढवतो आणि काळा रंग राखाडी होतो, त्यात मुंग्या आल्यासारखे ठिपके नाचायला लागतात. लगेच पुढच्या शॉटमध्ये कोणी दिवा लावला की चेहरा पांढराफट. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमने चालतो आणि मोबाईल बहुतेक वेळा 30 ने रेकॉर्ड करतो, त्यांचं जुळत नाही, म्हणून कॅमेरा जरा फिरला की चित्र अडखळतं. फोकस मधेच जातो आणि परत शोधत येतो. मग ती फाईल दाबून दाबून सातशे एमबीत बसवायची, वर एखाद्या बेटिंग अ‍ॅपची पट्टी चिकटवायची, मधेच त्या अ‍ॅपची जाहिरात टाकायची आणि टेलिग्रामवर सोडून द्यायची. खाली लगेच पहिला प्रश्न येतो, "भावा प्रिंट कशी आहे", आणि कोणीतरी उत्तर देतो, "बघण्यासारखी आहे". बघण्यासारखी म्हणजे कोण हिरो कोण व्हिलन एवढं ओळखू येतं.

आवाजाचं तर विचारूच नका. मोबाईलचा माईक पण स्वतःच्या मर्जीचा मालक, शांतता झाली की तो आवाज वाढवतो, म्हणजे पडद्यावर सगळं चिडीचूप असतं तेव्हा आपल्याला एसीची घरघर, कोणाचा तरी खोकला आणि पॉपकॉर्नची पिशवी ऐकू येते, आणि अचानक मोठा आवाज आला की फाटतो. 'सैराट'चा शेवट ज्यांनी थेटरात बघितला त्यांना आठवत असेल, तिथे आवाजच काढून घेतलाय. ते मूल दारात रडतंय आणि ऐकू काहीच येत नाही. अख्खं थेटर गप्प बसलं होतं. प्रिंटवर त्या जागी काय असणार? मागच्या रांगेतली कुजबुज आणि पंखा. म्हणजे जिथे दिग्दर्शकाने मुद्दाम काही ठेवलं नाही तिथे प्रिंटवाल्याने स्वतःचं काहीतरी भरून दिलं.

आता 'तुंबाड'मध्ये नेमकं काय आहे ते बघा. जवळपास सगळा पिक्चर पावसात आहे. आणि तो नळीने सोडलेला पाऊस नाही, खऱ्या पावसासाठी हे लोक पावसाळ्यामागून पावसाळे थांबले, 2012 ला शूटिंग सुरू झालं, मग जमलेलं आवडलं नाही म्हणून परत लिहिलं, परत शूट केलं, 2015 पर्यंत ते चालू होतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वेने 700 पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता. पंकज कुमारचा कॅमेरा, ज्यात रात्रीचे सीन कंदील आणि दिव्याच्या उजेडात आहेत, म्हणजे चेहऱ्याचा एक गाल दिसतो आणि दुसरा अंधारात असतो आणि तुम्ही त्या अंधाराकडे डोळे फाडून बघत राहता की तिथे काही हलतंय का. ही पिक्चरची भीती आहे. उडी मारून अंगावर येणारं भूत नाही, त्या काळ्या भागात काय आहे ते न दिसणं ही भीती. पण ते न दिसण्यासाठी आधी काळा रंग काळा असावा लागतो! राखाडी मुंग्या नाचत असतील तर तुम्हाला अंधार दिसत नाही, खराब प्रिंट दिसते.

आणि पाऊस म्हणजे तर या सगळ्या फाईली दाबायच्या भानगडीचा जानी दुश्मन. व्हिडिओ लहान करताना कॉम्प्युटर काय करतो, एका फ्रेममधलं जे पुढच्या फ्रेममध्ये तसंच राहतं ते परत साठवत नाही. भिंत तीच आहे, खुर्ची तीच आहे, मग फक्त हललेला हात साठवा. पावसात तसंच राहणारं काही नसतंच, प्रत्येक फ्रेमला प्रत्येक थेंब नवीन जागी, मग त्याला सगळंच साठवायला हवं आणि जागा तर नाही, मग तो चौकोन चौकोन करून मोकळा होतो. आवाजातही तेच, पावसाचा आवाज दाबला की त्याची खरखर होते, जुन्या रेडिओचं स्टेशन हललं की यायची तशी. ज्या माणसाने "पाऊस पाऊस, डोकं उठलं" असं म्हटलं त्याचं डोकं खरंच उठलं असणार, मी त्याला खोटं पाडत नाही, दोन तास ती खरखर ऐकून माझंही उठलं असतं. पण तो पाऊस बर्वेचा नव्हता.

अजून एक. त्या पिक्चरमधली ती आजी, जिला बांधून ठेवलेलं असतं, ती भूमिका आणि हिरो विनायकचा मुलगा पांडुरंग ही भूमिका, दोन्ही मोहम्मद समद नावाच्या एकाच पोराने केल्यात. पोराला मेकअप चढवून म्हातारी केलंय. थेटरात बघून आल्यावर हे कळलं की माणूस येडा होतो, परत जाऊन बघावंसं वाटतं. प्रिंट बघितलेल्याला हे सांगितलं तर तो म्हणतो "असेल, मला तर ती नीट दिसलीच नाही". मेकअपवाल्यांनी तासन्‌तास घालवले त्याचा हिशोब असा लागतो. या पिक्चरला फिल्मफेअरमध्ये जी बक्षिसं मिळाली ती कॅमेरा, कलादिग्दर्शन आणि साउंड डिझाईन यांना. म्हणजे नेमक्या त्या तीन गोष्टी ज्या प्रिंटमध्ये येतच नाहीत. बक्षीस मिळालेलं सगळं वजा करून जे उरलं ते बघून लोकांनी पाचपैकी दोन स्टार दिले.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, की चांगला पिक्चर कशावरही बघितला तरी चांगलाच वाटतो. आमच्या आधीच्या पिढीने जत्रेत तंबूत बसून पिक्चर बघितले, रीळ तुटायचं, चिकटवलेल्या जागी उडी मारायचं, भोंग्यासारखा स्पीकर, तरी रडले हसले ना? आणि आपणही लहानपणी केबलवाल्याने रात्री लावलेला नवाकोरा पिक्चर बघितलाच की, त्यात मधेच एक माणूस उठून बाथरूमला जायचा आणि त्याची सावली हिरोईनच्या तोंडावरून जायची, आपण त्याला शिव्या घालायचो आणि पुढे बघायचो. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन कॅसेट बघणाऱ्यांनी कुठे क्वालिटी बघितली होती.

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण त्यात दोन गोष्टी मिसळल्यात. तंबूतली घासलेली रीळ ही पिक्चरचीच रीळ होती, ओरखडे होते पण चौकट तीच होती, अंधार अंधार होता, आणि समोर पडदा होता, आजूबाजूला माणसं होती. ओरखड्याच्या पलीकडचं डोळ्याला बघता येतं. कापलेल्या कोपऱ्यातलं नाही बघता येत, ते तिथे नाहीच. आणि दुसरं, ते पिक्चर कुठले होते? संवाद, गाणी, मारामारी, रडारड, सगळं मोठ्ठं आणि ठसठशीत. आईला मुलगा शेवटी भेटतो हे कुठल्याही प्रिंटवर कळतं. 'सैराट'ची चोरटी कॉपी गावोगाव मोबाईलवर फिरली आणि तरी तो मराठीतला 100 कोटींच्या पुढे गेलेला पहिला पिक्चर झाला, कारण त्याची गोष्ट, गाणी आणि ती दोन पोरं एवढी ताकदीची होती की प्रिंट बघितलेलेही परत तिकीट काढून गेले. तो शेवट सोडला तर बाकी पिक्चर प्रिंटला पुरून उरतो. सगळे नाही उरत.

'कोर्ट' घ्या. 2015 च्या एप्रिलमध्ये लागला. त्यात कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो आणि हलत नाही, लांबून अख्खी खोली दिसते, बोलणारा एकीकडे बोलत असतो आणि आपण कोपऱ्यात बसलेल्या, आपल्या केसची वाट बघणाऱ्या, पेंगणाऱ्या लोकांकडे बघत असतो. सगळी गंमत आणि सगळी चीड तिथे आहे. क्लोजअप नाही, तुम्हाला कोणी बोट धरून दाखवत नाही की इकडे बघा. आता हा पिक्चर तिरका, कडा कापलेला आणि सहा इंची स्क्रीनवर बघितला तर काय उरतं? लांबवर बसलेली पाच-सहा बाहुल्याएवढी माणसं काहीतरी पुटपुटतायत. "बोअर" हेच मत येणार, दुसरं काय येणार. शेवटाकडे एक जागा आहे, कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो, बराच वेळ. तुम्हाला वाटतं संपला. आणि मग पिक्चर परत सुरू होतो, जजसाहेब सहलीला गेलेले. मला तर राहून राहून वाटतं की चोरून रेकॉर्ड करणाऱ्याने तिथेच मोबाईल खिशात घालून पार्किंग गाठलं असतं.

उलट 'वाळवी' बघा, 2023 चा, तोही चक्रमच पिक्चर आहे, खुनाचा प्लॅन आणि त्याचा होणारा विचका, पण तो गोष्टीवर आणि संवादाच्या टायमिंगवर चालतो. तो प्रिंटवर बराचसा कळेल, हसूही येईल, भरलेल्या थेटरातलं हसू नाही येणार पण येईल. त्याचं नुकसान वेगळं आहे, शेवट फुटतो. (अनिता दाते दोन्हींत आहे, 'तुंबाड'मध्ये विनायकची बायको आणि इथे त्याहून भारी, हे जाता जाता.) म्हणजे मी असं म्हणत नाहीये की प्रत्येक वेगळा पिक्चर प्रिंटवर मरतो. मी म्हणतोय की कुठला मरेल हे प्रिंट बघणाऱ्याला प्रिंट बघून कळूच शकत नाही, कारण जे गेलं ते गेलंय हेच त्याला माहीत नसतं. बंद दाराला कान लावून मैफल ऐकायची आणि वर गवयाला बेसूर म्हणायचं, असा तो प्रकार होतो.

नुकसान होतं कसं ते पण बघा. मोठ्या पिक्चरचं ओपनिंग आधीच ठरलेलं असतं, शुक्रवार-शनिवार-रविवार लोक जाणारच, चांगला आहे म्हणून नाही, लागलाय म्हणून. त्याची प्रिंट आली काय आणि न आली काय. छोट्या वेगळ्या पिक्चरला मात्र पहिल्या आठवड्यात शो मिळतात ते सकाळी अकरा आणि दुपारी तीनचे, आणि दुसऱ्या आठवड्यात मिळणार की नाही हे पहिल्या चार दिवसांत लोक काय बोलतात यावर. त्याची सगळी मदार तोंडी प्रसिद्धीवर. आणि नेमकं त्याच चार दिवसांत टेलिग्रामवाला येऊन "बकवास, वेळ वाया" असं लिहून जातो, त्याच्या खाली आणखी दहा जण "थँक्स भावा, पैसे वाचवले". पैसे वाचवले! कुठल्या पिक्चरचे वाचवले ते त्यालाही माहीत नाही. आणि हल्ली यूट्यूबवर तर असे रिव्ह्यू येतात की ऐकताना लगेच कळतं याने थेटरचं तोंड बघितलेलं नाही, कॅमेऱ्याबद्दल, आवाजाबद्दल एक वाक्य नाही, नुसती गोष्ट सांगतो पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि मग म्हणतो "वन टाइम वॉच".

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण प्रिंट बघणाऱ्या सगळ्यांना चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाने काय करायचं सांगा? जुनं थेटर बंद पडून तिथे मंगल कार्यालय नाहीतर पार्किंग झालंय. मल्टिप्लेक्स जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथे स्टारचा पिक्चर चार स्क्रीनवर आणि आपल्याला हवा तो एका स्क्रीनवर सकाळी, म्हणजे कामाचा दिवस बुडवून, एसटीने जाऊन, चार माणसांचं तिकीट आणि वर खाणंपिणं काढलं तर दीड-दोन हजाराला फोडणी. देशात 140 कोटी माणसं आणि सिनेमाचे पडदे दहा हजाराच्या आत-बाहेर, त्यातले बरेचसे दक्षिणेत. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चर प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं, केवढा गदारोळ झाला, पॉपकॉर्नच्या जागी आता वडापाव-दहीमिसळ खायची का, असल्या टोमण्यांपर्यंत गोष्टी गेल्या, आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असं ठरलं. दुपारी बारा हा प्राइम टाइम कोणाचा ते मला अजून कळलेलं नाही, निवृत्त लोकांचा असेल. परदेशातल्या आपल्या लोकांचंही तेच, महाराष्ट्र मंडळाने हॉल घेऊन एक शो लावला तर लावला, त्या रविवारी पोराचा क्लास असेल तर गेलं हातातून.

अशा माणसाने प्रिंट बघितली तर मी त्याला काय म्हणून बोलू? बोलत नाही. त्याची भूक खरी आहे, त्याला पिक्चर बघायचाय म्हणूनच तो ती भिकार फाईल दोन तास सहन करतो, नाहीतर त्या त्रासातून कोण जातं. माझं भांडण बघण्याशी नाही, बघून झाल्यावर न्यायाधीश होण्याशी आहे. आणि शहरात थेटर चालत जाण्याच्या अंतरावर असताना, आठवड्याला हजार रुपयांची कॉफी पिणाऱ्याने जेव्हा प्रिंट बघून "मराठी पिक्चरला टेक्निकल क्वालिटीच नाही" असं म्हटलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं. अरे टेक्निकल क्वालिटी तू त्या मागच्या रांगेतल्या पोराची बघितलीस!

सरकारला हे सगळं पैशाच्या भाषेतच दिसतं. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला, त्यात थेटरात रेकॉर्डिंग करणं आणि ते पसरवणं यासाठी वेगळी कलमं आली, तीन महिने ते तीन वर्षं तुरुंग आणि दंड तीन लाखापासून ते पिक्चरच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. मग त्याच नोव्हेंबरात नोडल अधिकारी नेमले, तक्रार आली की 48 तासांत लिंक काढायची. सांगितलं काय तर इंडस्ट्रीचं वर्षाला 20,000 कोटींचं नुकसान होतंय. हा आकडा मला नेहमी गमतीशीर वाटतो, कारण ज्याच्या गावात थेटरच नाही त्याने प्रिंट बघितली तर कुठलं तिकीट बुडलं? तो तसाही येणार नव्हता. आणि जे खरंच बुडतं, म्हणजे एखाद्या पिक्चरची पहिल्या चार दिवसांतली अब्रू, त्याचा रुपयात आकडा लागत नाही, म्हणून ते कुठल्याच प्रेस नोटमध्ये नसतं. 48 तास पण बघा. शुक्रवारी दुपारी प्रिंट आली, संध्याकाळी तक्रार केली, रविवारी संध्याकाळी लिंक गेली. तोपर्यंत वीकेंड संपला, आणि त्या लिंकच्या जागी दुसऱ्या नावाने चार नव्या आल्या.

पकडता येत नाही असं नाही हं. डिजिटल पिक्चर थेटरात जातो तेव्हा प्रोजेक्टरचा सर्व्हर त्यात डोळ्याला न दिसणारी खूण घालत असतो, चित्रात आणि आवाजातही, त्यावरून नंतर चोरटी कॉपी तपासून कुठल्या थेटरात, कुठल्या तारखेला, कुठल्या वेळेच्या शोला रेकॉर्ड झालं ते काढता येतं. एवढी सोय आहे. आणि तरी थेटरात आपल्या शेजारचा माणूस पाच मिनिटं मोबाईल वर धरून शूट करत असेल तर आपणही काही बोलत नाही आणि डोअरकीपरही नाही, कारण तो स्टेटसला टाकायला करतोय की विकायला हे कोण विचारत बसणार, शिवाय अर्ध्या लोकांनी हिरोच्या एंट्रीला तेच केलेलं असतं. आणि सगळंच खापर मागच्या रांगेवर फोडता येत नाही, 2016 ला 'उडता पंजाब' रिलीजच्या दोन दिवस आधी नेटवर आला तेव्हा त्या कॉपीवर 'फॉर सेन्सॉर' असं लिहिलेलं होतं. ती कुठल्या थेटरातल्या मोबाईलवरची नव्हती.

निर्मात्यांना पण एक सांगायचंय. जो पिक्चर दुसऱ्या आठवड्यात थेटरातून जाणारच आहे, आणि त्यांना ते बुधवारीच कळलेलं असतं, तो ओटीटीवर यायला दोन-दोन महिने का लावता? कराराच्या अटी असतात, मल्टिप्लेक्सवाले आठ आठवड्यांचं अंतर मागतात, सगळं मान्य. पण त्या दोन महिन्यांत थेटरात नाही, ओटीटीवर नाही, फक्त टेलिग्रामवर आहे अशी अवस्था असते, आणि त्या काळात त्या पिक्चरची जी काही ओळख बनते ती त्या राखाडी तिरक्या फाईलमधून बनते. 'तुंबाड'चं नशीब की तो नंतर चांगल्या प्रिंटवर अ‍ॅमेझॉन प्राइमला आला, लोकांनी रात्री दिवे बंद करून, हेडफोन लावून बघितला, मित्राला जबरदस्तीने बघायला लावला, आणि सहा वर्षांत अशी माणसं जमली की थेटरात परत लावायची हिंमत झाली. व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात या पिक्चरने झाली होती, तसा मान मिळालेला हा पहिला भारतीय पिक्चर, पण त्या मानाने इथे तिकिटं खपली नाहीत, ती खपली नीट बघितलेल्या लोकांच्या बडबडीने. दरवेळी सहा वर्षं थांबायला कोणाकडे वेळ असतो? मराठीतल्या बहुतेक छोट्या निर्मात्यांकडे तर सहा महिनेही नसतात, घर गहाण असतं.

बरं, नीट बघणं म्हणजे थेटरच असंही मी म्हणत नाही. ओटीटीवरची चांगली प्रिंट पण दुपारी दोनला, खिडकी उघडी, मोबाईल चहाच्या कपाला टेकवून आणि मधे मधे मेसेजला उत्तर देत बघितली तर 'तुंबाड'मध्ये तुम्हाला स्वतःचा चेहरा जास्त दिसेल. फरक इतकाच की तिथे दोष कोणाचा ते आपल्याला माहीत असतं, आणि रात्री परत बघायची सोय असते.

मग करायचं काय, तर माझी मागणी फार छोटी आहे, कायदाबियदा नको. मत देताना कुठे बघितला ते सांगायचं. रेटिंग घेणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी स्टारच्या शेजारी एक खाना द्यावा, थेटर, ओटीटी, 'इतर'. लोक खोटं बोलतील, बोलू देत, निदान बोलताना एक सेकंद थांबतील. यूट्यूबवर रिव्ह्यू करणाऱ्याने तिकिटाचा फोटो दाखवावा, एवढे मोठे थंबनेल बनवता त्यात कोपऱ्यात मावेल. आणि ग्रुपवर कोणी "बकवास" लिहिलं की खाली "थँक्स भावा" लिहायच्या ऐवजी "कुठे बघितलास" एवढं विचारायचं. मी विचारतो. बऱ्याचदा पुढे शांतता होते, किंवा "तू काय प्रोड्युसर आहेस का" असं उत्तर येतं.

'तुंबाड'चा दुसरा भाग येणार हे तर जाहीर झालंय. तो कसा असेल देव जाणे, बर्वे त्यात नाही म्हणतात, त्यामुळे मला जरा धाकधूकच आहे, फसू पण शकतो. पण तो लागेल त्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टेलिग्रामवर प्रिंट आलेली असेल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याला बघायचीय त्याने बघावी. फक्त शनिवारी सकाळी ग्रुपवर "पहिल्या भागाची सर नाही" असं टाकताना, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात कोणाचं डोकं येत होतं आणि कुठल्या अ‍ॅपची पट्टी होती तेही टाकावं, म्हणजे वाचणाऱ्याला मत किती किलोचं आहे ते कळेल.